पाणी दिसतं तिथून शिरत नाही

ज्यांच्याकडे प्रीमियर पद्मिनी आहे, त्यांच्या डिकीत पावसाळ्यात वर्तमानपत्रं अंथरलेली असतात. वाचायला नव्हे. सकाळी डिकी उघडायची, कुठलं पान भिजलंय ते बघायचं आणि रात्री पाणी कुठून आलं असेल याचा अंदाज बांधायचा, हा त्यांचा जूनपासूनचा नित्यक्रम. डावीकडचं पान भिजलं तर संशय डाव्या टेललॅम्पवर, मधलं भिजलं तर डिकीच्या रबरावर. दोन्हीकडची रबरं बदलून झाली, तरी पानं भिजतच राहतात. मग कोणीतरी जाणता माणूस वर बोट दाखवतो: मागची काच.

यंदाच्या अंकाचा विषय ‘दुरुस्ती’ ठरला तेव्हा संपादकांनी एक अट घातली होती. दुरुस्तीवर चिंतन नको, एक काम आरंभापासून शेवटपर्यंत बघून या. म्हणून मे महिन्याच्या अखेरीस कुर्ल्याच्या एका गॅरेजमध्ये जाऊन उभा राहिलो. पावसाच्या तोंडावर अशा गॅरेजांत जुन्या गाड्यांची गर्दी होते. सांताक्रूझच्या वेधशाळेत जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सरासरी २,००० मिलिमीटरांहून जास्त पाऊस नोंदला जातो. ज्या पत्र्याला कारखान्यात जस्ताचा मुलामा मिळालेला नाही, त्याच्यासाठी हा आकडा फार मोठा आहे.

समोर उभी होती १९८६ ची पांढरी पद्मिनी. मालकीणबाई मुलुंडच्या; गाडी वडिलांनी घेतलेली, आता त्या चालवतात. काचेचं काम करणारे गृहस्थ मूळचे चिपळूणकडचे. सगळं गॅरेज त्यांना मामा म्हणतं, आणि ते सगळ्या मालकिणींना ताई.

पाइप, टॉर्च आणि पावडर

“काच काढायची घाई नको,” मामा म्हणाले. “आधी पाणी कुठून येतं ते बघू. नाहीतर काच बसवायची, पैसे घ्यायचे आणि जुलैत ताईंचा फोन.”

मागची सीट काढली. सीटच्या पाठीमागचा पुठ्ठ्याचं फळकूट, ज्यावर लोक छत्र्या आणि टिश्यूचे डबे ठेवतात, तेही काढलं. आता आतून काचेची खालची कड उघडी पडली. मामांच्या हाताखालचा मुलगा टॉर्च घेऊन डिकीत शिरला. त्याने काचेखालच्या पत्र्यावर आणि डिकीच्या कोपऱ्यांत टाल्कम पावडर भुरभुरवली. कोरड्या पावडरीवर पाण्याचा एक थेंब सरकला तरी त्याचा माग उठून दिसतो.

मामांनी बाहेरून पाइप धरला. जोराची धार नाही, नुसतं वाहतं पाणी. सुरुवात खालून: आधी डिकीच्या झाकणाची कड, मग टेललॅम्प, मग काचेचा खालचा काठ. प्रत्येक ठिकाणी ते बराच वेळ थांबत होते. पाइप वरून धरला तर पाणी सगळीकडे ओघळतं आणि कुठून शिरलं ते कळत नाही. खालून चढत गेलं की आत पहिला थेंब पडेल त्या क्षणी पाइप जिथे आहे तेवढीच जागा संशयित ठरते.

काचेचा खालचा काठ निर्दोष निघाला. उजवी बाजूही. पाइप डाव्या वरच्या कोपऱ्यावर गेला आणि थोड्या वेळाने डिकीतून आवाज आला, “मामा, आलं! खाली डावीकडे.”

पाणी वरच्या कोपऱ्यातून रबरात शिरलं होतं, रबराच्या आतल्या पोकळीतून बाजूने खाली उतरलं होतं आणि खालच्या कोपऱ्यात पोकळी भरल्यावर बाहेर पडलं होतं. दोन्ही जागांत हातभराचं अंतर. अरुंद फटीत पाणी स्वतःच चढतं, वळतं, आडवं जातं. केशाकर्षणाचा शाळेतला धडा इथे पत्रा खातो. पूर्वी कोणीतरी खालच्या कोपऱ्यात भरपूर सीलंट थापलं होतं. त्याने गळती थांबली नव्हतीच, उलट आत साचलेलं पाणी बाहेर पडण्याची वाट तेवढी बंद झाली होती.

रबराचं वय

आजच्या गाड्यांची काच पॉलियुरेथेनच्या चिकट द्रव्याने थेट पत्र्याला डकवलेली असते. ती गाडीच्या सांगाड्याचा भाग बनते आणि त्याला बळकटी देते. पद्मिनीच्या काळात तसं नव्हतं. काच आणि पत्रा एकमेकांना शिवतच नसत. दोघांच्या मध्ये चौफेर एक जाड रबर. ते आडवं कापून पाहिलं तर पाठीला पाठ लावलेल्या दोन खाचा दिसतात: एकीत काचेची कड बसते, दुसरीत पत्र्याची. काचेचं वजन, रस्त्याचे धक्के, खड्ड्यात गाडीच्या अंगाला बसणारा पीळ, सगळं ते रबर सोसतं. पद्मिनीचं मूळ म्हणजे फियाटची १९५३ ची ११००/१०३ ही गाडी. तिला वेगळी चॅसी नाही, अंग हाच सांगाडा. त्यामुळे अंगाचा पीळ काचेच्या चौकटीपर्यंत पोचतो, आणि रबर नसेल तर काच त्यात टिकणार नाही.

काच शंभर वर्षं टिकेल. रबर टिकत नाही. नैसर्गिक रबराच्या लांब साखळीत जागोजाग दुहेरी बंध असतात आणि हवेतला ओझोन नेमका त्यांवर तुटून पडतो. रबर जिथे ताणलेलं असतं तिथे हा हल्ला आधी दिसतो, आणि भेगा ताणाला आडव्या पडतात. काचेच्या चौकटीत ताण सगळ्यांत जास्त कोपऱ्यांवर, म्हणून पहिली भेग कोपऱ्यात. शिवाय रबर मऊ राहावं म्हणून त्यात घातलेली तेलं उन्हाने हळूहळू उडून जातात. रबर आक्रसतं, कडक होतं, काचेपासून केसभर सुटतं. पाण्याला केसभर पुरतं.

नवी रबरं बहुधा ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराची असतात. त्याच्या मुख्य साखळीत दुहेरी बंध नाहीत, त्यामुळे ओझोन आणि ऊन ते पुष्कळ सहन करतं. त्याचं वैर आहे खनिज तेलाशी. ग्रीस, डिझेल, रॉकेल लागलं की ते फुगतं. जुन्या गॅरेजांत रबर सरकवायला ग्रीस चोळायची सवय होती. नव्या रबरावर ती सवय महागात पडते. मामांच्या बादलीत साबणाचं पाणी होतं.

रबर ठेवायचं की बदलायचं, हे मामा नखाने ठरवतात. अंगठ्याचं नख दाबलं आणि खूण लगेच बुजली, तर रबरात जीव आहे. मग काच न काढताही काम भागतं: लाकडी पट्टीने रबराची ओठासारखी कड उचलायची, आतली माती काढायची, पूर्ण वाळू द्यायचं आणि गनचं बारीक नळकांडं आत घालून चौफेर मसाला, म्हणजे सीलंट, भरायचा. खूण तशीच राहिली, तर वरून भरलेला मसाला एक पावसाळा काढेल, फार तर दोन. ताईंच्या गाडीच्या रबरावर नखाची खूण तशीच राहिली.

काच निघते तेव्हा

टाकून द्यायचंच असलेलं रबर वाचवायचा मोह नको, असं मामांचं मत. त्यांनी ब्लेडने बाहेरची कड चौफेर कापून काढली. आता काचेला धरून ठेवणारं काही उरलं नाही. मुलाने आतून दोन्ही तळव्यांनी हलका दाब दिला, मामांनी बाहेरून काच झेलली आणि दुहेरी घडी घातलेल्या गोधडीवर आडवी ठेवली.

सिमेंटच्या जमिनीवर काच उभी टेकवलेली त्यांना चालत नाही. आजच्या गाड्यांची पुढची काच दोन पात्यांची असते, मध्ये प्लॅस्टिकचा पातळ थर. दगड लागला तर तडा जातो, पण काच जागच्या जागी राहते. मागची काच एकपदरी, टफन केलेली. ती सहाशे अंशांहून जास्त तापवून हवेच्या झोताने झटकन थंड करतात. पृष्ठभाग आधी घट्ट होतो, गाभा मागाहून आक्रसतो आणि पृष्ठभागाला कायमचा दाबून धरतो. म्हणून काचेवर मधोमध हात आपटला तरी काही होत नाही. पण कडेला, विशेषतः कोपऱ्याला, टणक वस्तूचा छोटासा टोला बसला की आत कोंडलेला ताण एकदम सुटतो आणि अख्ख्या काचेचे खडे होतात. अशी काच नंतर कापता येत नाही, घासून लहान करता येत नाही, तिला भोकही पाडता येत नाही. चौकटीत बसली नाही तर चौकट दुरुस्त करावी लागते.

काचेच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत आयएस २५५३ हा आकडा कोरलेला होता. सुरक्षित काचेच्या भारतीय मानकाचा तो क्रमांक. जुन्या गाड्यांचे शौकीन ही खूण पुसू देत नाहीत. मामांनी कडेवरचा जुना मसाला लाकडी पट्टीने खरवडला आणि सगळी कड बोटाने चाचपली. कुठे टवका उडालेला नव्हता.

खरं काम

रबर निघालं आणि पत्र्याची कड उघडी पडली तेव्हा ताई काही वेळ बोलल्या नाहीत. वरची कड ठीक होती. खालचा डावा कोपरा, जिथे सीलंट थापलं होतं, तिथे स्क्रू ड्रायव्हर टेकवल्यावर पत्रा बिस्किटाच्या तुकड्यांनी गळून पडला.

तिथे एक पत्रा नसतो. आतला आणि बाहेरचा असे दोन पत्रे कडेला एकमेकांवर ठेवून ठिपक्याठिपक्याने वेल्ड केलेले असतात. दोन ठिपक्यांच्या मधल्या फटीत पाणी ओढलं जातं आणि सहजी वाळत नाही. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, म्हणून तो दोन्ही पत्र्यांना आतून फाकवतो. बऱ्याच जुन्या गाड्यांत छताच्या कापडाची कडही याच पत्र्यावर चिकटवून रबराखाली दाबलेली असते. ते कापड पाणी शोषून घेतं आणि कड ओलीच राहते.

आता काम डेंटरकडे, म्हणजे पत्र्याचं काम करणाऱ्याकडे गेलं. त्याने कुजलेला भाग कापला आणि तेवढ्याच जाडीच्या पत्र्याचा तुकडा वेल्ड केला. “जाडीकडे लक्ष ठेव,” मामा सारखे बजावत होते. पत्र्याची कड जाड झाली तर रबराच्या खाचेत शिरत नाही. पातळ राहिली तर रबर डुगडुगतं. लांबी (पुट्टी) भरून आकार आणला तर दिसायला छान दिसेल, पण कडेवर लांबी चालत नाही. रबराचा दाब आला की ती तडकते आणि तिथे नवी फट होते. वेल्डिंग घासून सपाट केलं, उरलेल्या गंजावर फॉस्फोरिक आम्लाचं द्रावण लावलं, ते वाळल्यावर दोन्ही बाजूंनी इपॉक्सी प्रायमर आणि वर पांढरा रंग. रंग पुरता वाळल्याशिवाय मामा रबराला हात लावायला तयार नव्हते. ओल्या रंगावर रबर दाबलं की रंग रबराबरोबर सुटून येतो आणि पत्रा पुन्हा उघडा पडतो.

‘काच बसवणे’ या कामाचं बिल काचेच्या नावाने निघतं. बहुतेक मेहनत मात्र या बोटभर रुंदीच्या, नंतर कधीच न दिसणाऱ्या पट्टीवर होते. तीच टाळून केलेली कामं स्वस्त असतात.

दोरी

रबर आधी काचेवर चढवतात, पत्र्यावर नाही. नवं रबर चौफेर बसवून मामांनी दोन्ही टोकांचा सांधा खाली मध्यभागी आणला. सांधा कोपऱ्यात येऊ द्यायचा नाही, आणि रबर मापापेक्षा किंचित लांबच कापायचं. उद्या ते आक्रसणार हे आजच धरून चालायचं.

मग एक नायलॉनची दोरी घेऊन रबराच्या बाहेरच्या, म्हणजे पत्र्यासाठीच्या खाचेत चौफेर खोचली, परकरात नाडी ओवावी तशी. दोन्ही टोकं खाली मध्यभागी एकमेकांवरून नेऊन आत सोडली. खाचेला साबणाचं पाणी लावलं. दोघांनी काच उचलून बाहेरून चौकटीवर टेकवली. मुलगा बाहेर, मामा आत. मुलाने तळव्यांनी काच दाबून धरली आणि मामांनी दोरीचं एक टोक काचेच्या मध्याकडे, हळूहळू ओढायला सुरुवात केली.

दोरी बाहेर येते तशी रबराची आतली कड उचलली जाते आणि पत्र्यावरून उडी मारून पलीकडे बसते. दर वितीला टप्प असा ओला आवाज. बाहेरचा दाब आणि आतली ओढ एकाच जागी पडायला हवी. “इथे… आता इथे… कोपरा आला, जपून,” असं मामा आतून सांगत होते आणि मुलाचे तळवे काचेवरून सरकत होते. कोपऱ्यावर जोर केला तर दोरी रबर फाडते. तिथे मामांनी लाकडी पट्टीने कड थोडी उचलून दिली. वरच्या मध्यावर आल्यावर दुसरं टोक धरून उरलेली बाजू पुरी केली. शेवटी तळहाताच्या थापांनी काच बसती केली.

मसाला कुठला, यावर गॅरेजात वाद झाला. एका तरुण मेकॅनिकने सिलिकॉनची नळी पुढे केली; बाथरूमला चालतं तर इथे का नाही, हा त्याचा प्रश्न. मामांची उत्तरं तयार होती. साधं सिलिकॉन वाळताना व्हिनेगरसारखा वास येतो, तो ॲसेटिक आम्लाचा. उघड्या पत्र्याला ते आम्ल गंज चढवतं. शिवाय सिलिकॉनचा अंश जिथे राहतो तिथे पुढे रंग धरत नाही, त्यात डोळ्यांसारखे खळगे पडतात. मामा कधीच पूर्ण न वाळणारा काळा ब्यूटिल जातीचा मसाला वापरतात. गाडीच्या अंगाला पीळ पडला तर तो ताणला जातो, तुटत नाही. आणि पुढच्या वेळी रबर काढायचं झालं तर सुटून येतो. गनने तो आधी काच आणि रबराच्या मध्ये, मग रबर आणि पत्र्याच्या मध्ये भरला. दाबाने बाहेर आलेला मसाला पुसून काढला.

पुन्हा पाइप, पुन्हा पावडर. या वेळी पाणी वरून ओतलं, कारण आता शोधायचं काही नव्हतं, खात्री करायची होती. पावडर कोरडी राहिली.

टॅक्सीची मेहेरबानी

हे रबर मिळालं कुठून, हा प्रश्न काच बसवण्यापेक्षा अवघड निघाला.

सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. कारखाना कुर्ल्यात, या गॅरेजपासून फार दूर नाही. प्रीमियर रोड हे नाव अजून आहे. फियाटच्या परवान्यावर तिथे ११०० बनू लागली, १९६४ मध्ये ११०० डिलाइट आली आणि १९७० च्या दशकात तिचंच नाव प्रीमियर पद्मिनी झालं. २००० च्या सुमारास उत्पादन थांबलं. कंपनी थांबली म्हणून सुटे भाग थांबले नाहीत, कारण मुंबईच्या रस्त्यांवर काळ्या-पिवळ्या पद्मिनी धावत होत्या. नव्वदच्या दशकात साठ हजारांच्या वर. टॅक्सीवाल्याची काच गळली तर धंदा बुडतो. म्हणून छोट्या कारखान्यांत साचे चालू राहिले, ऑपेरा हाऊसच्या स्पेअरपार्ट बाजारात रबरांची वेटोळी टांगलेली राहिली, आणि रविवारी गाडी पुसून फिरायला नेणाऱ्या हौशी मालकालाही तेच रबर टॅक्सीच्या भावात मिळत गेलं.

शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरमध्ये नोंदली गेली. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा. ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी म्हणून रस्त्यावर राहिली नाही. वर्तमानपत्रांत त्या दिवशी भावनिक मथळे आले. बाजारात परिणाम कोरडा होता: रोज रबर विकत घेणारं गिऱ्हाईक संपलं.

ताईंनी आणलेलं रबर जुन्या साठ्यातलं नव्हतं. जुन्या गाड्यांच्या काही मालकांनी एकत्र येऊन, जुन्या रबराचा तुकडा नमुना म्हणून देऊन, छेद जुळवून नवं करून घेतलं होतं. रबर साच्याच्या तोंडातून सलग पट्टीसारखं बाहेर काढतात. एकदा यंत्र लावलं की थोडं काढणं कारखान्याला परवडत नाही. एका गाडीसाठी कोणी यंत्र लावत नाही. खाच अर्धा मिलिमीटर चुकली तरी सगळा लॉट वाया.

पन्नाशीची पाटी

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत बदल करून पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना व्हिंटेज नोंदणीची सोय केली. क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. गाडी मूळ रूपात असावी, अंगात मोठा बदल नसावा, आणि रोजच्या वापराला ती काढू नये अशा अटी आहेत. पद्मिनी नावाच्या सुरुवातीच्या गाड्या आता या वयात येऊ लागल्या आहेत. ताईंच्या गाडीला २०३६ पर्यंत थांबावं लागेल.

मूळ रूप म्हणजे काय, यावर शौकिनांत वाद रंगतात. रंगाची छटा, चाकाचे कॅप, रेडिओची कंपनी. मागच्या काचेच्या रबराचा प्रश्न मात्र वादाचा नाही. मूळ रबर बहुतेक चालत्या गाड्यांत उरलेलं नाही, आणि उरू नयेच. ते बदलण्यासाठीच बनवलेलं होतं. दोरी आणि साबणाच्या पाण्याने दोन माणसं काच काढू-बसवू शकतील, अशी ती रचना आहे. आजच्या डकवलेल्या काचेला तार घालून चिकटवण कापावं लागतं, पण ती डकवायला लागणाऱ्या द्रव्याची नळी कुठेही मिळते. पद्मिनीचं काम हाताला सोपं आणि एका रबराअभावी अशक्य.

ताईंनी विचारलं, “मामा, दोन सेट घेऊन ठेवू का? पुढच्या वेळेला?”

“घ्या की. पण माळ्यावर टाकू नका, उन्हाने तापतो. ताणून गुंडाळू नका,” मामा म्हणाले. “आणि ठेवलेलं रबरही म्हातारं होतं, ताई. पंधरा-वीस वर्षांनी काढाल तेव्हा नख लावून बघा.”

इंजिनाचा पिस्टन तेल लावून कपाटात ठेवला तर दोन पिढ्या टिकतो. काच तर टिकतेच. रबराचं तसं नाही, ते बनवत राहावं लागतं. साठ हजार टॅक्स्या होत्या तोवर ते आपोआप घडत होतं. आता ज्यांना या गाड्या चालत्या हव्या आहेत, त्यांना दर काही वर्षांनी आपापसांत वर्गणी काढून यंत्र लावावं लागेल, आणि मामांच्या हाताखालच्या मुलाला दोरी ओढण्याइतकी कामं मिळत राहतील हेही बघावं लागेल.